लॅब-गोल्डनला बॉल आणायला शिकवायचंय? नाशकात पहिल्या दिवसापासून असं करा

घरात लॅब (लॅब्रॅडॉर) किंवा गोल्डन (गोल्डन रिट्रीव्हर) कुत्र्याचं पिल्लू आलं की पहिल्या आठवड्यात सगळेच एक गोष्ट करतात, दुकानातून एक बॉल आणतात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये जातात, जोरात फेकतात आणि वाट बघतात. पिल्लू धावत जातं, बॉल उचलतं, आणि मग तुमच्याकडे यायचं सोडून एखाद्या अ‍ॅक्टिव्हाखाली जाऊन बसतं. मग आपण "ये ये ये" करत मागे पळतो, ते अजून लांब पळतं, आणि दहा मिनिटांनी वैतागून आपण म्हणतो की रिट्रीव्हर, म्हणजे आणून देणारा, म्हणतात पण याला काही येत नाही.

त्याला येतं हो. उचलणं आणि तोंडात धरून मिरवणं त्याच्या रक्तातच आहे. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर बर्फासारख्या पाण्यात उतरून जाळी ओढायचे, मासे आणायचे, आणि गोल्डनची सुरुवात स्कॉटलंडमध्ये लॉर्ड ट्वीडमाउथ यांच्याकडे १८६८ साली झालेल्या पिल्लांपासून धरतात. दोघांचं काम एकच, शिकाऱ्यानं पाडलेलं पाखरू पाण्यातून नाहीतर झुडपातून शोधायचं आणि दात न लावता आणून द्यायचं. म्हणून यांचं तोंड मऊ असतं, अंडंसुद्धा न फोडता धरतील. पण माणसाच्या हातात आणून देणं हे त्या कामातलं शिकवावं लागणारं टोक आहे, आणि आपण नेमकं तेच शिकवत नाही, आपण फेकायला शिकतो.

तर माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे. आधी परत येणं शिकवा, फेकणं सगळ्यात शेवटी. आमच्या बुंदीला (गोल्डन, आता साडेतीन वर्षांची) मी उलट्या क्रमानं शिकवायला गेले आणि चार महिने वाया घालवले, ते तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी वय बघा

पिल्लू तीन महिन्यांचं असेल तर ग्राउंडचा विचारही नको. लसींचा कोर्स पूर्ण व्हायला साधारण चार महिने होतात, त्याआधी जिथे भटकी कुत्री फिरतात त्या जमिनीवर सोडायचं नाही, पार्व्होची, म्हणजे जुलाब-उलट्यांच्या जीवघेण्या विषाणूची, भीती खरी असते. पण घरात शिकवायला लगेच सुरुवात करता येते, उलट दोन-तीन महिन्यांचं पिल्लू सगळ्यात पटकन शिकतं.

दुसरं म्हणजे हाडं. मोठ्या जातीच्या कुत्र्यांच्या हाडांच्या टोकाशी वाढीचा मऊ भाग असतो, तो पक्का व्हायला १२ ते १८ महिने लागतात. तोपर्यंत उंच फेकणं, हवेत उडी मारून पकडायला लावणं, जिन्यावर बॉल टाकणं हे बंद म्हणजे बंद. लॅब-गोल्डनमध्ये कंबरेच्या सांध्याचा त्रास, म्हणजे हिप डिस्प्लेजिया, आधीच बऱ्यापैकी असतो, त्यात आपण भर घालायची नाही. वर्षाच्या आतल्या पिल्लासाठी बॉल जमिनीवरून घरंगळत सोडायचा, तीन-चार वेळा, बास. आणि घरात गुळगुळीत टाइल्स असतील तर पॅसेजमध्ये सतरंजी नाहीतर योगा मॅट टाका, घसरून पाय फाकणारं पिल्लू बघून हसायला येतं पण सांध्यांची वाट लागते.

चार ते सहा-सात महिन्यांच्या मध्ये दात पडतात-येतात, हिरड्या दुखतात, तेव्हा पिल्लू अचानक बॉल तोंडात घ्यायला नको म्हणेल. तेव्हा हट्ट करू नका, मऊ कापडाचं काहीतरी द्या, दोन आठवडे थांबलात तरी शिकलेलं कुठे जात नाही.

कुत्रं मोठं असेल, दत्तक घेतलेलं असेल, वजन जास्त असेल, तर एकदा व्हेटकडून (प्राण्यांच्या डॉक्टरांकडून) पाय-कंबर तपासून मग सुरू करा. लॅबच्या वजनाचं सांगायचं तर २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडाच गायब असतो, त्यामुळे त्याला इतरांपेक्षा जास्त भूक लागत राहते. म्हणजे तुमचा लॅब खादाड आहे तर तो त्याचा दोष नाही, आणि शिकवताना याच भुकेचा आपल्याला फायदाही होतो.

काय काय लागतं

फार काही नाही. दोन सारखी खेळणी, अगदी सारखी, हे महत्त्वाचं. एक लांब दोरी, साधारण दहा मीटर, सुती किंवा नायलॉनची पट्टी, तिला एका टोकाला हुक. दोरी हार्नेसला (छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्याला) लावायची, गळ्यातल्या पट्ट्याला नाही, कारण धावताना झटका बसला तर मानेला इजा होते. आणि ट्रीट.

बॉलबद्दल जरा थांबून सांगते. बॉल एवढा मोठा हवा की घशात जाणारच नाही, मोठ्या लॅबच्या जबड्यात साधा टेनिस बॉल पूर्ण मागे जाऊ शकतो आणि श्वास अडकतो. शिवाय टेनिस बॉलवरचं ते लोकरीसारखं आवरण मातीनं भरलं की पॉलिश पेपरसारखं दात घासत राहतं, रोज चघळायला देऊ नका. रबराचा, दाबला की थोडा दबणारा, भोक असलेला बॉल चांगला. रंग निळा घ्या. कुत्र्यांना निळा आणि पिवळा नीट दिसतो, लाल त्यांना हिरव्या गवतात मातकट दिसतो, आपण म्हणतो समोर पडलाय तरी दिसत नाही, तर खरंच दिसत नसतो. पावसाळ्यात पिवळाही चालतो पण मार्चनंतर आपल्याकडे गवतच पिवळं पडतं, तेव्हा निळाच.

काठी फेकायची नाही. लोक फेकतात, मीही आधी फेकायचे, पण काठी जमिनीत तिरकी रुतली आणि कुत्रं वेगात त्यावर गेलं की टोक टाळ्यात नाहीतर घशात घुसतं. दगड तर नकोच, दात तुटतात.

ट्रीट म्हणून उकडलेलं चिकन, पनीर, उकडलेलं अंडं, गाजर, काहीही, पण तुकडा तुरीच्या दाण्याएवढा. चिकन उकडताना कांदा-लसूण घालायचा नाही, दोन्ही कुत्र्यांना विषारी आहेत. घरच्या लोकांना हे सांगून ठेवा, आमच्या सासूबाई प्रेमानं रश्शातला पीस धुऊन द्यायच्या, त्यांना वाटायचं धुतलं की झालं. आता त्याच सगळ्यांना ओरडतात.

पॅसेजमधले पहिले दहा दिवस

फ्लॅटचा पॅसेज म्हणजे देवानं दिलेली शाळा आहे. एक टोक बंद असलेला, अरुंद, दोन्हीकडच्या खोल्यांची दारं लावून घ्यायची. तुम्ही उघड्या टोकाला जमिनीवर बसायचं, कुत्रं तुमच्याजवळ. जुना मोजा घ्या, त्याची गाठ मारा, तोंडासमोर दोन-तीनदा हलवा म्हणजे त्याचा जीव त्यात अडकेल, आणि हातभर अंतरावर बंद टोकाच्या दिशेनं सरकवा. हातभर म्हणजे हातभरच. ते जाऊन उचलेल. आता त्याला जायला दुसरीकडे जागाच नाही, यावं लागतं ते तुमच्याकडेच.

आलं की लगेच हात पुढे करून मोजा काढून घेऊ नका. हीच चूक सगळे करतात. त्याच्या बाजूनं विचार करा, मी कष्टानं वस्तू आणली आणि जवळ गेलो की ही बाई हिसकावून घेते, मग मी कशाला जाऊ? म्हणून आलं की आधी कौतुक, छातीवर, कानामागे खाजवा, मोजा तोंडात असू दे, दहा-पंधरा सेकंद मिरवू दे. मग ट्रीट नाकाशी. ट्रीटसाठी तोंड उघडेल, मोजा पडेल, त्या क्षणी "दे" म्हणा, ट्रीट द्या, आणि मोजा लगेच परत सरकवा. हे परत मिळणं फार मोठं आहे. दिलं की संपत नाही, दिलं की पुन्हा सुरू होतं, हे एकदा त्याच्या डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी चार-पाच फेऱ्या, आणि त्याला अजून हवं असतानाच थांबायचं. मोजा उचलून कपाटात ठेवून द्यायचा. खेळणं दिवसभर घरात लोळत पडलेलं असेल तर त्याची किंमत राहत नाही, ते फक्त तुमच्याबरोबर बाहेर येतं, तुमच्याबरोबर जातं.

बुंदीचं मला अजून आठवतं, नवव्या दिवशी संध्याकाळी, लाइट गेली होती, मी पॅसेजमध्ये मोबाइलचा टॉर्च लावून बसले होते आणि खरं तर त्या दिवसाचं झालं होतं, मोजा मी बाजूला ठेवला होता. ती गेली, मोजा उचलला, माझ्यासमोर येऊन बसली आणि मी हात पुढे न करता तिनंच मान खाली घालून तो माझ्या तळहातावर ठेवला, लाळेनं चिंब, गरम, आणि मोजा सोडून नाक तसंच हातावर टेकवून राहिली. त्यानंतर मला कोणी विचारलं की शिकायला किती दिवस लागतात तर मी दिवस सांगत नाही, त्या हाताबद्दल सांगते.

शब्द तीनच, आणि घरात सगळ्यांचे तेच

आमच्याकडे मुलगा "ड्रॉप" म्हणायचा, नवरा "लीव्ह इट", मी "सोड", आणि सासूबाई "टाक गं बाई खाली". ती बिचारी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. शेवटी एका कागदावर तीन शब्द लिहून फ्रिजवर लावले. थांब. आण. दे. एवढेच. मराठी की इंग्लिश यानं काही फरक पडत नाही, छोटा आणि एकमेकांसारखा न ऐकू येणारा शब्द हवा. आणि शब्द एकदाच म्हणायचा, "आण आण आण आण" म्हटलं की तो आवाज होतो, शब्द राहत नाही.

शब्दही आधी नाही लावायचा. कृती जमायला लागली, दहातल्या आठ वेळा येतंय असं दिसलं, की मग ते परत वळतं त्या क्षणी "आण" म्हणायचं. जे अजून जमत नाही त्याला नाव दिलं तर चुकीलाच नाव पडतं.

पळणाऱ्याच्या मागे पळू नका

हे वेगळं लिहितेय कारण इथेच सगळं बिघडतं. बुंदी पाच महिन्यांची असताना माझी कोल्हापुरी घेऊन पळाली, मी मागे, सोफ्याभोवती तीन चकरा, मुलगा हसतोय, ती खूश. त्या दिवशी तिनं शिकून घेतलं की काहीतरी उचललं की मम्मी पळते. पुढे बॉलच्या बाबतीतही तेच, आणायची अगदी चार फुटांवर, थांबायची, माझ्याकडे बघायची, मी एक पाऊल टाकलं की धूम. ते मोडायला मला महिना लागला.

उपाय उलटा आहे. ते थांबलं की तुम्ही पाठ फिरवा आणि उलट्या दिशेनं पळा, टाळ्या वाजवा, हसा. किंवा दुसरा, तसाच बॉल खिशातून काढा आणि त्याच्याशी स्वतःच खेळायला लागा, उडवा, झेला, त्याच्याकडे बघायचंही नाही. जो बॉल तुमच्या हातात जिवंत आहे तो त्याच्या तोंडातल्या मेलेल्या बॉलपेक्षा जास्त भारी वाटतो. ते जवळ येईल, आपला टाकेल, टाकला की तुम्ही दुसरा फेका, तोपर्यंत पहिला उचलून घ्या. यासाठीच दोन सारखे बॉल सांगितले. वेगळे असतील तर त्याला एक आवडतो आणि दुसरा नाही, मग सौदा होत नाही.

आणि एक, कधीही जबडा उचकटून वस्तू काढायची नाही (विषारी किंवा टोकदार काही असेल तर गोष्ट वेगळी). आज बॉलसाठी उचकटलंत तर उद्या ते हाड घेऊन पलंगाखाली गुरगुरेल.

पार्किंग आणि मग ग्राउंड

पॅसेजमध्ये पक्कं झालं की पार्किंगमध्ये, सकाळी गाड्या गेल्यावर, लांब दोरी लावून. दोरी हाताला गुंडाळू नका, तीस किलोचं कुत्रं सुटलं की बोटं सोलून निघतात, दोरी जमिनीवर लोळू द्या आणि गरज पडली तर पाय ठेवा. दोरीनं ओढून आणायचं नाही, दोरी फक्त यासाठी की ते लांब पळून जाण्याचा खेळ सुरू करू शकत नाही. अंतर पुन्हा हातभरापासून सुरू. लोक म्हणतात घरात तर येतंय, मग इथे एकदम लांब का नको? कारण नवीन जागा म्हणजे त्याच्यासाठी नवीन पाटी, वास वेगळे, आवाज वेगळे, दूधवाला येतो, मांजर जाते. दोन दिवसांत आधीच्या अंतरापर्यंत पोचाल.

टेरेस टाळा. कठड्याची भिंत कमी उंचीची असते आणि बॉलच्या नादात कुत्रं त्यावरून उडी मारतं, हे होतं, खरंच होतं.

मग ग्राउंड. नाशकात मोकळी जागा अजून आहे ही आपली श्रीमंती. पण जॉगिंग ट्रॅकवर कुत्रं मोकळं सोडू नका, गोल्फ क्लब म्हणा, कृषीनगर म्हणा, पहाटे तिथे आजी-आजोबा चालतात, अंगावर न येता नुसतं जवळून धावत गेलं तरी तोल जाऊ शकतो. लेआउटमधले मोकळे प्लॉट, ओळखीच्यांचा मळा, कुंपण असलेलं शाळेचं मैदान परवानगी घेऊन, हे बरं. पोचल्यावर आधी तुम्ही एक चक्कर मारा, बाटल्यांच्या काचा, उरलेलं जेवण, तारा बघा. भटक्या कुत्र्यांची टोळी असेल तर त्यांच्या हद्दीत बॉल काढायचाच नाही, बॉलवरून भांडणं लागतात आणि आपलं कुत्रं त्यात मार खातं.

गावाबाहेरच्या बाजूला राहणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा. गंगापूर रोडच्या पुढे, मखमलाबादकडे, दारणाकाठी, जिथे ऊस नाहीतर दाट मळे आहेत तिथे बिबट्याचा वावर असतो आणि कुत्रं त्याचं आवडतं भक्ष्य आहे. अंधारात तिकडे खेळायला नेऊ नका, पूर्ण उजाडू द्या.

कसं फेकायचं

खांद्याखालून, जमिनीलगत, घरंगळत जाईल असं. उंच फेकला की कुत्रं मान वर करून उडी मारतं आणि एका मागच्या पायावर पिळा घेऊन उतरतं, गुडघ्याचा लिगामेंट तिथेच जातो, ऑपरेशन महाग आणि महिनोन्महिने विश्रांती. हातभर दांड्याचे बॉल लाँचर मिळतात, त्यानं बॉल खूप लांब जातो हे खरं, पण नवख्यानं घेऊ नये असं माझं मत. पूर्ण वेगात धावून कचकन ब्रेक मारणं, हेच सांध्यांना सगळ्यात वाईट.

त्याच्यावर चांगला उपाय म्हणजे "थांब". कुत्र्याला बसवायचं, बॉल फेकायचा, बॉल पूर्ण थांबू द्यायचा आणि मग सोडायचं. सुरुवातीला एक सेकंद थांबलं तरी ट्रीट, हळूहळू पाच, दहा. थांबलेला बॉल उचलताना ते आपोआप वेग कमी करतं. शिवाय डोक्याला काम मिळतं, आणि रिट्रीव्हर डोक्यानं दमला की घरी येऊन जास्त शांत झोपतो, नुसतं पळवलेलं कुत्रं अजूनच तरतरीत होतं हा माझा रोजचा अनुभव आहे. हे जमलं की गवतात बॉल लपवून नाकानं शोधायला लावा. त्यात धावणं कमी आणि आनंद दुप्पट, म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी तर हेच उत्तम.

आधी पाच मिनिटं चालवा, मग खेळ. मोठ्या निरोगी कुत्र्याला आठ-दहा फेऱ्या, मध्ये मध्ये दम घेऊ देत, पुष्कळ झाल्या. हे स्वतःहून थांबणारं जनावर नाही, पाय दुखत असला तरी तुम्ही फेकलात म्हणून जाईल. म्हणून मोजायचं काम आपलं. परत येताना चाल मंदावली, बॉल मध्येच टाकला, सावलीत जाऊन बसलं की त्या दिवसाचं संपलं. जेवणाच्या आधी तासभर आणि नंतर निदान दोन तास खेळ नको, मोठ्या छातीच्या कुत्र्यांमध्ये पोट फुगून पिळा पडतो आणि तो काही तासांत जीव घेतो.

आपल्याकडचा उन्हाळा, पाऊस आणि द्राक्षं

मार्च ते जूनचा पहिला आठवडा, खेळ सकाळी सातच्या आत नाहीतर संध्याकाळी जमीन निवल्यावर. डांबर किंवा काँक्रीटवर हाताची मागची बाजू ठेवून सात आकडे मोजा, ठेवता आली नाही तर पावलं भाजणार. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकूनच गार होतं, आणि गोल्डनच्या अंगावर तर दुहेरी केसांचा कोट. त्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, १०४ च्या वर गेलं की धोका. जीभ लांब, गडद लाल, लाळ चिकट, झोकांड्या, असं दिसलं की सावलीत न्या, अंगावर भरपूर साधं नळाचं पाणी ओता, वारा घाला आणि गार करत करतच व्हेटकडे न्या. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, उष्णता आत कोंडते. पाणी जबरदस्तीनं तोंडात ओतू नका.

थंडी हा आपला खरा सीझन. निफाडला पारा घसरल्याच्या बातम्या येतात ना, त्याच सकाळी ही पोरं वेडी होतात. फक्त संक्रांतीच्या आसपास मैदानात मांजा पडलेला असतो, बंदी असूनही नायलॉनचा सापडतो, तो पायाला गुंडाळला की कातडी कापते. जानेवारीत मी पाच मिनिटं आधी मैदान झाडून काढल्यासारखं बघते, मगच बॉल काढते.

जानेवारी ते एप्रिल द्राक्षं. हे जीव तोडून सांगते, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्यावर होईल याचा भरवसा नाही, एखाद्याला थोडीशीही पुरतात. दिंडोरी-पिंपळगावकडे कोणाच्या बागेत मोकळी जागा बघून खेळायला न्याल तर गळालेले मणी जमिनीवर पडलेले असतात आणि लॅब बॉल उचलता उचलता ते गट्टम करतो. शिवाय बागेत फवारणी असते, मोरचुदाची निळसर पानं ओळखता येतात, पण बाकीची औषधं दिसत नाहीत. बागेत खेळ नाहीच. खाल्लीच तर वाट बघत बसू नका, लगेच व्हेट.

पावसाळ्यात चिखल आणि साचलेलं पाणी, त्यातून उंदरांच्या मुतातला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) पसरतो, त्याची लस असते, घेतली आहे का ते कार्डावर बघा. पोहायला नेण्याचा मोह सगळ्यांना होतो, या जाती पाण्याच्याच आहेत. पण गोदावरीत शहराच्या पट्ट्यात पाणवेलीत पाय अडकतात आणि पाणीही चांगलं नसतं, गंगापूर धरणाचं पाणी तर आपणच पितो. ओळखीच्या शेततळ्यात उतरवायचं तर जपून, प्लास्टिकच्या कागदावरून कुत्र्याला बाहेर चढता येत नाही, लाइफ जॅकेट आणि दोरी दोन्ही हवं. पाण्यात चपटं खेळणं फेका, मोठा बॉल धरून पोहताना तोंड उघडं राहतं आणि पोटात खूप पाणी जातं, तेही घातक असतं.

अडलं तर

बॉलकडे बघतच नाही? काही गोल्डनना बॉल आवडत नाही, कापडी खेळणं, दोरीची गाठ, पिशवीत ट्रीट भरून ती फेकणं, करून बघा. पिशवी त्याला स्वतःला उघडता येत नाही, तुमच्याकडे आणावीच लागते, म्हणून नाखूश कुत्र्यांसाठी ही युक्ती मला सगळ्यात आवडते.

आणतं पण अर्ध्यावर टाकतं? तुम्ही अंतर लवकर वाढवलंत. अंतर पुन्हा अर्धं करा. बॉल घेऊन लोळतं, चावत बसतं? दमलंय किंवा ऊन लागतंय, नाहीतर फेऱ्या जास्त झाल्यात. आणि काल येत होतं, आज काहीच येत नाही असं झालं, विशेषतः आठ ते बारा महिन्यांत, तर ते वय आहे, पोरं दहावीला असतात तसं, पुन्हा आठवडाभर पॅसेज. लंगडत असेल तर मात्र शिकवणं बंद, आधी दाखवून घ्या.

रागावून कधी शिकवू नका. ऑफिसातून तापलेल्या डोक्यानं आलात तर त्या दिवशी नुसतं फिरवून आणा, त्याला आवाजातून कळतं.

घरी आल्यावर पाणी थोडं थोडं द्या, एकदम भांडंभर नको. मग खाली बसून चारी पावलं उलटी करून बोटांच्या मध्ये बघायचं, पावसानंतर दोन-तीन महिने कुसळं असतात, ती कातडीत घुसून आत सरकत जातात आणि गळू होतं, गोखरू टोचलेलं असतं. कानाच्या आत, बगलेत, शेपटीच्या खाली गोचीड बघा, गोचीडतापानं आपल्याकडे दर वर्षी कितीतरी कुत्री आजारी पडतात. बुंदीला आता हे पाठ झालंय, मी जमिनीवर बसले की ती उताणी होऊन आधी पुढचा डावा पाय देते, मग उजवा. तेवढ्यात बॉल धुवायचा, त्याला चीर गेली आहे का ते दाबून बघायचं, तुकडा निघत असेल तर कचऱ्यात, नाहीतर पुसून कपाटात वरच्या कप्प्यात.